विमा काढला की सरकारी रुग्णालयाची गरज संपते?

रातराणी: "प्रत्येकाने खाजगी विमा काढला तर सरकारी रुग्णालयांवर पैसा ओतावा लागणार नाही," हे दीपस्तंभ यांचं म्हणणं वाचून राहवलं नाही. माझ्या वडिलांनी वर्षानुवर्षं हप्ते भरले. हृदयाचं ऑपरेशन निघालं तेव्हा कंपनीने "रक्तदाब लपवला" म्हणून क्लेम नाकारला. फॉर्म एजंटने भरलेला! ऑपरेशन शेवटी सरकारी रुग्णालयातच झालं.

दीपस्तंभ: सही वडिलांचीच होती ना? स्वित्झर्लंडमध्ये १९९६पासून मूळ विमा सक्तीचा आहे, कंपनी कुणालाही नाकारू शकत नाही. दोष विम्याचा नाही, नियमांचा आहे.

रातराणी: त्या मूळ विम्यावर नफा कमवायलाही तिथे बंदी आहे. ते बरं गाळलंत! आणि सहीवर बोट ठेवताना आजारी माणसाचा विचार करा जरा.

साधाहिशेब: खरं दुखणं फुकटेपणाचं आहे. नाममात्र फी लावा, सर्दी-पडशाची गर्दी हटेल. ब्रिटनने १९४८ला सगळं मोफत दिलं आणि १९५१मध्येच चष्म्यांवर, कवळ्यांवर पैसे लावले.

रात्रपाळी: त्यावरूनच ती मोफत सेवा उभारणाऱ्या बेव्हन यांनी मंत्रिपद सोडलं. मी ओपीडीत नर्स होते. "साधा खोकला" म्हणून आलेल्यांतच न्यूमोनिया निघतो. अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेने सत्तरच्या दशकात मोठा प्रयोग केला. पदरचे पैसे जायला लागले की लोकांनी गरजेचे आणि बिनगरजेचे, दोन्ही उपचार कमी केले. थायलंडनेही ३० बाहतची फी २००६मध्ये काढून टाकली.

साधाहिशेब: आणि २०१२मध्ये परत आणली! अर्धंच का सांगता?

रात्रपाळी: आणली, पण गरिबांना वगळून. ज्याचा दिवसाचा रोज बुडतो, तो फी नसतानाही अंगावरच काढतो. तुम्ही त्यालाच घरी बसवताय.

साधाहिशेब: बरं, गरिबांना सूट द्या. पण ज्यांना परवडते त्यांच्याकडून घ्याच.

दीपस्तंभ: फीवरून भांडण कुठल्या कुठे गेलं. आधीच्या आजारावरून क्लेम नाकारण्याच्या कलमाला वेसण हवी, एवढं मान्य. पण माझी आई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सरकारी यादीत ताटकळत होती, ते ऑपरेशन शेवटी विम्यामुळे झालं. तिने आणखी थांबायला हवं होतं का?

रातराणी: नाही, त्यांनी केलं ते योग्यच. पण यादी लांबते कारण सर्जन, भूलतज्ज्ञ आणि खाटा अपुऱ्या आहेत. तुम्ही तोच पैसा आणखी कमी करा म्हणताय. ज्यांचं म्हणणं वर ऐकलं जातं ते सगळे विम्याकडे गेले, तर उरलेल्यांसाठी भूलतज्ज्ञ मागायला कोण जाणार? याचं उत्तर द्या, मग पुढे बोलू.