विषय: जोडीशोधात बाहेरून ओरडून सांगू द्यायचे की नाही, हे शनिवारपूर्वी ठरवावे

सर्वांना नमस्कार,

भरीत पार्टीच्या दिवशी मळ्यावर मुलांचा जोडीशोध यंदाही घ्यायचा आहे; परंतु मागच्या वादाचा निकाल लागल्याशिवाय मी द्रोण मांडणार नाही. नव्याने येणाऱ्यांसाठी नियम पुन्हा लिहिते. प्रत्येक संघासमोर १५ मीटरवर २० द्रोण, चार रांगांत पाच-पाच, उपडे ठेवलेले असतात. धावत जाऊन दोन द्रोण उचलायचे, खालचे दाणे सारखे निघाले तर घेऊन यायचे, नाही तर होते तसेच झाकून परत यायचे आणि पुढच्याच्या हातावर टाळी द्यायची.

मागच्या वेळी रांगेतली मोठी मुले "डावीकडे, अजून डावीकडे, मागचा" असे ओरडत राहिली. परदेशातून आलेली सहा वर्षांची एक मुलगी हातात द्रोण धरून मध्येच थांबली, कारण चार जण तिला चार जागा सांगत होते. तिने उडीद कोठे पाहिला होता, हे तिला स्वतःला ठाऊक होते. रडू आवरल्यावर तिने तो द्रोण मला बोटाने दाखवला. तेव्हापासून माझे मत पक्के आहे की बाहेरून कोणीही बोलू नये.

— वहिनी, भुसावळ

---

वहिनी, नमस्कार.

लहान मुले रडतात म्हणून खेळ मुका करणे मला पटत नाही. मी शाळेत आयुष्यभर खो-खो शिकवला. त्यात खो मोठ्याने आणि स्पष्ट द्यावा लागतो, पुटपुटलेला खो पंच ग्राह्य धरत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि आपल्या पुरुषांनी व महिलांनी, दोन्ही संघांनी तो जिंकला. त्यानंतर परदेशातली आपली मुलेसुद्धा फोनवर मला खो-खोचे नियम विचारू लागली आहेत. अशा वेळी मैदानावर आवाज हवा. रांगेत उभ्या मुलांना बोलू दिले नाही, तर ती पाच मिनिटांत मातीशी खेळू लागतात, हे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे.

शिवाय मैदान आखणे, चुना आणि शिट्टी ही जबाबदारी पहिल्या मेळाव्यापासून माझ्याकडे आहे. नियमात बदल करायचा असेल, तर तो आधी माझ्याशी बोलून व्हावा, एवढी विनंती आहे.

— सर, अमळनेर

---

सरांचा खो-खोचा दाखला मला उलट वहिनींच्या बाजूचा वाटतो. खो देणारा आपल्या जागेवरून उठणाऱ्या गड्याला हाक देतो, पळणाऱ्याने कोठे वळावे हे बाहेरचे सांगत नाहीत. बचावाला तिघे-तिघे उतरतात, त्यांचा क्रम आधीच गुणलेखकाकडे नोंदलेला असतो, आणि आधीचे तिघे बाद झाल्यावर दोन खो दिले जाण्याच्या आत पुढच्या तिघांना मैदानात यावे लागते. पळणे आणि लक्षात ठेवणे तेथेही जोडीनेच चालते. मी स्वतः एकदा धुळ्याच्या मैदानावर आपला क्रम विसरून बसून राहिलो आणि न खेळताच बाद झालो.

आता हिशेब पाहावा. पहिल्या धावेत एक द्रोण उचलला की त्याचा जोडीदार उरलेल्या १९ पैकी एका द्रोणाखाली असतो, म्हणजे जोडी मिळण्याची शक्यता १९ मध्ये १. सुरुवातीच्या धावा जोडी मिळवण्यासाठी नसतातच, त्या माहिती आणण्यासाठी असतात. ती माहिती परत रेषेपर्यंत आली नाही, तर संघातली सहा मुले एकेकटी खेळत राहतात. माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी, दोन इकडे-तिकडे, ध्यानात धरू शकतो, असे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडले होते. लहान मुलांची मर्यादा त्याहून कमी असते. सहा वर्षांच्या मुलाकडून २० जागांची अपेक्षा धरू नये. एकेका मुलाने एकच रांग सांभाळावी आणि संघाने मिळून चारही रांगा सांभाळाव्यात. त्यासाठी मुलांना बोलावे तर लागेलच, प्रश्न फक्त केव्हा बोलायचे हा आहे.

— आबा, धुळे

---

मळा माझा असल्यामुळे जागेविषयी दोन गोष्टी. मुलांना कपाशीच्या वावरात पळवू नये. पऱ्हाट्या उपटल्या असल्या तरी मधूनमधून खुंट राहतात आणि काळ्या जमिनीला भेगा आहेत. खळे सारवून ठेवतो, तेथेच खेळ घ्यावा. सकाळी वारा सुटला की द्रोण उडतात, म्हणून प्रत्येक द्रोणावर एक खडा ठेवावा.

द्रोणांखाली ठेवायच्या दाण्यांत मूग आणि मटकी यांपैकी एकच ठेवा. धावत आलेल्या मुलाला दोन्ही सारखेच दिसतात आणि मग जोडी झाली की नाही यावर भांडण होते. त्याऐवजी सरकी, दादर ज्वारी, चिंचोके आणि एरंडी देतो.

— जिभाऊ

---

जिभाऊ, एरंडी कृपया नको. तिचे बी विषारी असते आणि आमची लहान मुले हाती येईल ते तोंडात घालतात. कपाशीचे फुटलेले बोंड चालेल का? तिकडे मुलांनी कापूस फक्त पाकिटात पाहिला आहे.

आबांनी विचारलेल्या प्रश्नावर आमचा अनुभव सांगते. माझ्या मुलाला मराठी समजते, पण पळताना कोणी डावे-उजवे ओरडले की त्याला क्षणभर विचार करावा लागतो आणि तेवढ्यात त्याने लक्षात ठेवलेली जागाही निसटते. मागच्या सुट्टीत त्याच्या शिरपूरच्या आत्तेभावाने परत येऊन, टाळी देण्यापूर्वी, त्याच्या कानात अहिराणीत "दुसरी रांगमा, तठे तूर शे" (दुसऱ्या रांगेत, तिथे तूर आहे) असे सांगितले. तो सरळ दुसऱ्या रांगेशी गेला, थांबला, तिसरा द्रोण उचलला आणि तूर घेऊनच परत आला. पुढचे चार दिवस घरात प्रत्येक वस्तू "तठे शे" होती.

म्हणून परत आलेल्याने पुढच्याला कानात सांगावे आणि टाळी झाल्यावर सर्वांनी गप्प राहावे, असे मला वाटते. भाषा कोणतीही चालेल.

— ताई

---

ताईंची सूचना मला मान्य आहे. रेषेवर बोलणे होत असल्यामुळे रांगेतली मुलेही कंटाळणार नाहीत. मात्र टाळीनंतर कोणी ओरडले, तर त्या धावेत मिळालेली जोडी परत त्याच जागी झाकावी लागेल, आणि तो निर्णय शिट्टी ज्याच्याकडे आहे त्याचा राहील.

— सर, अमळनेर

---

सर, शिट्टी आपल्याकडेच राहील. जिभाऊ, बोंडे पुरेशी फुटलेली निवडा आणि प्रत्येक संघासाठी दोन-दोन ठेवा. आबा, लहान संघाला रांगा वाटून देण्याचे काम आपण करावे. मी आठ वाजेपर्यंत द्रोण आणि खडे घेऊन खळ्यावर पोहोचते, त्याआधी चुना पडलेला असावा.

— वहिनी