प्रार्थना करूनही माणूस बरा झाला नाही, तर साक्ष कोणी द्यायची?

नगरची लेक

रविवारी चर्चच्या उपासनेत साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगण्याची, वेळ येते तेव्हा कोण उठतं, हे एकदा नीट बघा. गाठ विरघळलेली बाई, नोकरी लागलेला मुलगा, अपघातातून वाचलेलं कुटुंब. ज्यांनी तेवढेच उपास केले, तेवढ्याच रात्री गुडघ्यांवर काढल्या आणि तरीही ज्यांचं माणूस गेलं, ते मागच्या बाकावर बसून 'हालेलूया' म्हणतात आणि घरी जातात. त्यांना कुणी पुढे बोलावत नाही.

माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सुरुवातीला तो मोकळेपणी विचारायचा, "ताई, देव खरंच ऐकतो का गं?" मग घरी प्रार्थना ठेवली आणि मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, एक वडील (चर्चचा कारभार पाहणारे ज्येष्ठ) सगळ्यांसमोर म्हणाले, "या घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय, शोधा." त्या दिवसापासून त्याने प्रश्न विचारणं बंद केलं. कुणी भेटायला आलं की म्हणतो, "प्रभू चालवतोय." ते गेले की भिंतीकडे तोंड करून पडतो. बायबलातल्या हिज्कीया राजानेही आजारात भिंतीकडे तोंड फिरवलं होतं, पण तो प्रार्थना करत होता. हा करत नाही.

माझं म्हणणं असं: शंका बोलून दाखवायला मंडळीत जागा हवी, आणि ती उपासनेतच हवी. शास्त्रात, म्हणजे बायबलात, ती आहे. मुलंबाळं, संपत्ती, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि 'तू काहीतरी पाप केलं असशील' हे सांगायला सुरुवात केली. शेवटी, ईयोबाच्या पुस्तकाच्या ४२व्या अध्यायात, देव रागावतो तो त्या मित्रांवर. ज्याने जन्मदिवसाला शाप दिला आणि देवाला जाब विचारला, त्या ईयोबाचं बोलणं देव योग्य ठरवतो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, या प्रश्नाला येशूने 'नाही' असंच उत्तर दिलं. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी 'पाप कुणाचं?' विचारलं, तेव्हाही त्याने पापाचा हिशोब मांडला नाही.

एवढं सगळं शास्त्रात असताना आपण आजारी माणसाच्या उशाशी बसून विश्वास मोजायला का लागतो?

देवळालीकर

ताई, जय ख्रिस्त. तुमच्या भावासाठी आज रात्री आम्ही घरी प्रार्थना करू. त्या वडिलांनी जे म्हटलं ते म्हणायला नको होतं. इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे.

पण उपासनेत शंकेला जागा द्या, हे मला मान्य नाही. मी बरीच वर्षं मंडळीत वडील म्हणून सेवा केली आहे. बाकावर बसलेला प्रत्येक माणूस काही ना काही ओझं घेऊन आलेला असतो. कुणाचा नवरा पितो, कुणाची मुलगी परत आलेली असते. तो तासाभरासाठी येतो तो काहीतरी घट्ट धरायला मिळावं म्हणून. त्याच्यासमोर कुणी उभं राहून 'देव ऐकतो की नाही मला माहीत नाही' म्हटलं, तर त्याच्या हातात काय उरलं? याकोबाने आपल्या पत्रात संशय धरणाऱ्याला वाऱ्याने हेलकावणाऱ्या लाटेची उपमा दिली आहे, ती उगाच नाही. आणि ईयोबाबद्दल म्हणाल तर पहिल्याच अध्यायात तो म्हणतो की परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं, त्याचं नाव धन्य असो. माझी पत्नी गेली तेव्हा मला याच वचनाने उभं ठेवलं. मनात प्रश्न नव्हते असं नाही. पण ते मी माझ्या खोलीत ठेवले.

नगरची लेक

काका, तुमच्या दुःखाबद्दल मनापासून आदर आहे. पण ईयोबाचा पहिला अध्याय वाचून पुस्तक मिटू नका. तिसऱ्या अध्यायापासून पुढे तो काय काय बोलतो! आणि ते खोलीत नाही, मित्रांच्या तोंडावर, आणि आता आपल्या सगळ्यांसमोर, कारण ते शास्त्रात लिहून ठेवलं आहे.

याकोबाची लाट आहे पहिल्या अध्यायात, आणि तिथे विषय ज्ञान मागण्याचा आहे. आजाराबद्दल तो पाचव्या अध्यायात बोलतो. तिथे काय सांगितलंय? दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना त्याला वाचवील. प्रार्थना करणारे वडील आहेत, दुखणाईत नाही. त्याने फक्त बोलवायचं आहे. म्हणजे विश्वास मोजायचाच असेल तर कुणाचा मोजावा लागेल?

रिकामा बाक

मी पाळकाचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचा, मुलगा. आता मंडळीत जात नाही. दोन्ही बाजू वाचल्या आणि मला तरी वाटतं की तुम्ही दोघेही मूळ प्रश्नाला हात घालत नाही आहात.

माणूस बरा झाला तर देवाने ऐकलं. नाही झाला तर देवाची योजना वेगळी होती, किंवा विश्वास कमी होता. मग असा कोणता प्रसंग आहे की ज्यात आपण म्हणू, इथे ऐकणारं कुणी नव्हतं? असा प्रसंग तुम्ही शिल्लकच ठेवलेला नाही. ताई, तुम्ही शंकेला उपासनेत जागा मागता, पण शंका शेवटी परत विश्वासाकडेच आली पाहिजे ही अट तुमच्याही मनात आहे. शंका घेतली आणि उत्तर 'नाही' असं आलं, तर त्या माणसाला तुमच्या मंडळीत कुठे बसवणार?

माझी आई कॅन्सरने गेली. तिच्या शेवटच्या महिन्यांत घरात सतत प्रार्थना चालू असायच्या आणि तिला झोप मिळायची नाही. मी विश्वास सोडला त्यानंतर निदान तिच्या मरणात मला कुणाची चूक शोधावी लागली नाही.

देवळालीकर

रिकामा बाक, तुम्ही पाळकाचे चिरंजीव आहात म्हणून मोकळेपणी बोलतो. तुमचा तर्क मला खोडता येत नाही आणि मी तसा आवही आणणार नाही. पण मी पत्नीच्या मरणानंतर जे टिकून राहिलो ते तर्कावर नाही. दानिएलाच्या पुस्तकात तिघा तरुणांना आगीच्या भट्टीत टाकतात. ते राजाला म्हणतात, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण त्याने सोडवलं नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे नमणार नाही. तो 'सोडवलं नाही तरी' माझा आहे. तो कशानेही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे.

वसईकर

आम्ही कॅथलिक, त्यामुळे साक्षीची वेळ वगैरे आमच्या मिस्सात (उपासनेत) नसते. पण या विषयावर मदर तेरेसांचं उदाहरण कुणीच कसं काढलं नाही? १९९७ मध्ये त्या गेल्या आणि दहा वर्षांनी त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली. कलकत्त्यात काम सुरू केल्यापासून जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देव जवळ असल्याची जाणीवच होत नव्हती. मध्ये १९५८ साली थोडा काळ अंधार हटला, मग पुन्हा तेच. आणि त्याच काळात त्या मरणाऱ्या माणसांना उचलून आणत होत्या. २०१६ मध्ये चर्चने त्यांना संत घोषित केलं ते ही पत्रं जगासमोर आल्यावर, हे महत्त्वाचं. म्हणजे शंका ही अपात्रता ठरली नाही.

पण लेक, तुझ्या विरोधात जाईल अशीही एक गोष्ट त्यात आहे. मदरनी हे सगळं फक्त आपल्या धर्मगुरूंना सांगितलं. ती पत्रं नष्ट व्हावीत अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या बरोबरच्या सिस्टर्सनाही त्याची कल्पना नव्हती. त्यामुळे मला वाटतं, शंका सांगायला एक माणूस हवा, ज्याच्याकडून ती बाहेर जाणार नाही. शे-दोनशे माणसं नकोत. आमच्याकडे घरात मयत झाली की संध्याकाळी शेजारीपाजारी जपमाळ म्हणायला येतात. त्या वेळी घरातल्या माणसाच्या तोंडून शब्द फुटला नाही तरी चालतं. बाकीचे त्याच्या वतीने म्हणतात. कुणी विचारत नाही की तुझा विश्वास आहे का.

रिकामा बाक

वसईकर, तुमचं शेवटचं वाक्य आमच्या घरी कुणी पाळलं असतं तर मी कदाचित आजही मागच्या बाकावर असतो. विश्वास ठेवून नव्हे, पण असतो.

मिरजेची सिस्टर

मी नर्स आहे, मिशनच्या दवाखान्यात उमेदवारी केली. इथली चर्चा चांगली चालली आहे, पण वॉर्डात हा प्रश्न फार वेगळा दिसतो म्हणून लिहिते. 'विश्वास कमी पडतोय' हे वाक्य पेशंटने ऐकलं की तो विश्वास दाखवायला लागतो. दाखवायचा कसा? गोळी बंद करून. इन्सुलिन सोडलेले पेशंट मी पाहिले आहेत. 'प्रभूने बरं केलंय, आता सुई कशाला' म्हणणारे. ते परत येतात तेव्हा शुद्धीत नसतात. लेक, तुझ्या भावावर लक्ष ठेव. डायलिसिसची एक पाळी जरी त्याने चुकवली तरी पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. हे मी घाबरवायला नाही सांगत.

आणि देवळालीकर काका, प्रेषित पौलाचंच बघा. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत होते, तोच पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहितो. त्याचा सोबती त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवून पुढे जातो. त्याच्या स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा विनंती करूनही निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? आणि त्याच्या बरोबर फिरणारा लूक हा वैद्य होता.

वॉर्डात येणाऱ्या पाळकांपैकी पेशंट कुणाची वाट बघतात तेही सांगते. जो खुर्ची ओढून बसतो, लघवी झाली का, जेवलात का विचारतो, आणि निघताना दोन वाक्यांची प्रार्थना करतो त्याची.

इंद्रायणीकाठ

मी ख्रिस्ती नाही, पण वाचत होतो. आमच्याकडे देवाशी भांडण्याची मोठी परंपरा आहे. दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं, धंदा बुडाला. नंतर ते विठ्ठलाला जे बोलतात ते ऐकताना अंगावर काटा येतो. आणि ते अभंग वारीत हजारो लोक एकत्र म्हणतात, खोलीत बसून नाही. तुमच्या मराठी मंडळ्यांपर्यंत हे पोचलं नाही का?

नगरची लेक

पोचलंय दादा. कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. त्यांचे अभंग आणि गीतं आमच्याकडे आजही गातात. पण मंडळीत निवडून गायली जातात ती बहुतेक स्तुतीची. देवाला जाब विचारण्याचा सूर कुठेतरी गळाला. तुम्ही बाहेरून बघता म्हणून तुम्हाला तो पटकन जाणवला.

देवळालीकर

सिस्टर, औषधांबद्दल एक शब्दही वेगळा नाही. औषध सोडायला लावणारा माणूस मंडळीच्या आसपास नको.

पण उदाहरणंच द्यायची तर पंडिता रमाबाई आपल्या घरच्या आहेत. आईवडील दुष्काळात गेले. भाऊ १८८० मध्ये, नवरा १८८२ मध्ये. आणि १९२१ च्या जुलैमध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्यावर रमाबाईंनी निराधार बायकांसाठी काढलेल्या मुक्ती मिशनचा पुढचा सगळा भार टाकायचा होता. स्वतः रमाबाई पुढच्या एप्रिलमध्ये गेल्या. या मधल्या महिन्यांतही बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. त्यांनी मंडळीसमोर उभं राहून शंका मांडल्या नाहीत. काम केलं. मला ती वाट जास्त भरवशाची वाटते.

नगरची लेक

काका, रमाबाईंचं नाव काढलंत याचा आनंद झाला, पण अर्ध्या रमाबाई सांगितल्यात. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्या ज्या सिस्टर्सच्या आश्रयाला होत्या, त्यांच्याशीच त्यांनी पत्रांतून किती वाद घातला! त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा) सिद्धांत त्यांना पटत नव्हता आणि तो त्यांनी तोंडदेखला मान्य केला नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, दुसऱ्याच्या जोखडाखाली जाणार नाही, या अर्थाचं त्यांनी लिहून कळवलं. परक्या देशात, विधवा, पदरात लहान मुलगी, आणि राहण्याखाण्यासाठी ज्यांच्यावर अवलंबून त्यांनाच हे लिहिणं! १९२१ मध्ये त्या उभ्या राहिल्या, त्या आधी कधी प्रश्न विचारलेच नाहीत म्हणून राहिल्या असं मला वाटत नाही.

देवळालीकर

ते वाद सिद्धांताचे होते. दुःखातली शंका वेगळी असते. ती ठरवून घेतलेली नसते, ती माणसाला ओढून नेते, म्हणून मी तिला घाबरतो. तुमची एक गोष्ट मात्र मनात राहिली आहे, मागच्या बाकावर बसणाऱ्यांची. त्यांच्यासाठी काहीतरी हवं. पण साक्षीच्या वेळेत नको. वधस्तंभावर प्रभूने 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' म्हटलं तेही बायबलाच्या स्तोत्रसंहितेतल्या बावीसाव्या स्तोत्रातलं, आणि ते स्तोत्र शेवटी स्तुतीत जातं. सुरुवात तशी करा, पण शेवटाला लोकांना स्तुतीपर्यंत घेऊन जा.

नगरची लेक

बावीसावं जातं, काका. अठ्ठ्याऐंशीवं जात नाही. ते अंधारातच संपतं. एकही आशेचं वाक्य शेवटी जोडलेलं नाही, आणि तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे. रात्रंदिवस हाक मारूनही उत्तर न मिळालेल्या माणसाचं ते आहे आणि ते देवालाच उद्देशून आहे. माझी मागणी तेवढीच आहे. महिन्यातून एका रविवारी ते मोठ्याने वाचावं, त्यावर लगेच उपदेश करून ते गुळगुळीत करू नये, आणि ज्यांचं माणूस गेलंय किंवा बरं होत नाहीये त्यांना बोलायचं असेल तर बोलू द्यावं.

रिकामा बाक, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं. शंका घेतली आणि उत्तर 'नाही' आलं, तर त्या माणसाला बसवायचं माझ्याच शेजारी. भुताने पछाडलेल्या मुलाचा बाप येशूला म्हणाला होता, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. त्याला 'आधी पूर्ण विश्वास घेऊन ये' असं सांगून परत पाठवलं नाही, मूल बरं केलं. माझ्या भावाकडे सध्या त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग नाही. तो माझ्याकडे आहे, आणि तो मी त्याच्या वतीने धरला आहे.

देवळालीकर

अठ्ठ्याऐंशीवं वाचायला माझी हरकत नाही. मंडळीच्या सभेत मी स्वतः मांडतो. त्यावर उपदेश असावा की नसावा, यावर मात्र आपलं एकमत होणार नाही. मी असावाच म्हणणार.

मिरजेची सिस्टर

लेक, भावाचा पोटॅशियमचा रिपोर्ट आला की कळव. नारळपाणी देऊ नकोस, लोक प्रेमाने घेऊन येतात.