मदत हवी आहे: ऑब्फस्केशन (नावं बदलून कोड लपवणं) चालू करायच्या आधी कुठला कोड मोडणार हे कसं हुडकायचं?

नमस्कार मंडळी. सांगली मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी एक अँड्रॉइड अॅप आहे, त्याचं काम माझ्याकडं आलंय. हळदीचा सौदा झाला की पोती, वजन, दर टाकायचा, हमाली तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी तयार, बास एवढंच. कोड जुना, अर्धा जावा अर्धा कोटलिन, लिहिणारा पुण्याला गेला आणि आता फोन उचलत नाही (त्याचंही बरोबरच आहे म्हणा).

मालकांनी कुठंतरी ऐकलं की अॅप उघडून आतला कोड वाचता येतो, तवापासून मागं लागलेत की ते लपवायचं काय असतंय ते कर. मग मिनिफाय (रिलीजचा कोड आखडून नावं बदलायची सेटिंग) चालू केलं, रिलीज बिल्ड झाली, एक एरर नाही, लॉगिन पण झालं, आणि पट्टी काढली तर दर ०, वजन ०, शेतकऱ्याचं नाव कोरं. क्रॅश झालं असतं तर परवडलं असतं राव. डीबग बिल्डमध्ये सगळं व्यवस्थित.

एवढं कळलं की सर्व्हरचा जेसन (नाव आणि किंमत अशा जोड्यांत येणारा डेटा) आपण जीसन लायब्ररीनं वाचतो आणि आर-एटनं, म्हणजे मिनिफाय करणाऱ्या टूलनं, क्लासमधल्या फील्डची नावं ए, बी, सी करून टाकली, त्यामुळं काही जुळेना. हे दिसलं म्हणून कळलं. न दिसणारी अजून किती असतील? सगळ्या पॅकेजला कीप (ह्याला हात लावू नको असा आर-एटला नियम) लाव असं एकजण म्हणाला, पण मग लपवलं काय? आख्ख्या प्रोजेक्टमधून असला कोड आधीच शोधायची काही पद्धत आहे का?

वारणाकाठ: आधी सांग, ही बिल्ड कुणा व्यापाऱ्याच्या फोनवर टाकली नाहीस ना? पट्ट्या फोनमध्ये जीसननंच फाइलला लिहीत असशील तर त्या ए-बी-सी नावानंच लिहिल्या जातात, पुढच्या व्हर्जनला नावं वेगळी पडली की वजनाच्या जागी दर वाचला जाईल.

धागाकर्ता: नाही नाही, माझ्याच फोनवर आहे.

सेमीकोलन: मग निवांत बस आणि शोध घे. क्लासचं, फील्डचं, मेथडचं नाव कोडच्या बाहेर कुठं अक्षरात लिहिलंय तिथंच मोडतं. बाहेर म्हणजे जेसन, एक्सएमएल, सी++, फोनमध्ये साठवलेली फाइल. त्यामुळं क्लास-फॉरनेम, गेट-डिक्लेअर्ड-फील्ड, टाइपटोकन, सिरियलायझेबल, लोड-लायब्ररी हे शब्द सगळ्या प्रोजेक्टमध्ये सर्च मार आणि एकेक उघडून बघ. टाइपटोकन (लिस्टमध्ये कसल्या वस्तू आहेत ते जीसनला सांगणारं) कशाला, तर ग्रेडल प्लगिन (अॅप बिल्ड करणारं) ८.० पासून आर-एटचा फुल मोड आपोआप चालू असतो, तो जेनेरिकची, म्हणजे लिस्ट कशाची आहे ही, माहिती काढून टाकतो आणि पट्ट्यांची लिस्ट वाचताना फुटतं. जीसनच्या नव्या व्हर्जनमध्ये त्याचे नियम लायब्ररीसोबतच येतात, तेवढं अपडेट कर. मॉडेलच्या, म्हणजे डेटा धरणाऱ्या क्लासच्या, प्रत्येक फील्डला सिरियलाइज्ड-नेम (जेसनमधलं नाव पक्कं करणारी खूण) लाव, कंटाळवाणं काम आहे पण कीपपेक्षा बरं. सगळ्यात डांबरट म्हणजे सिंपल-नेम, क्लासचं नुसतं नाव देणारं. ते प्रेफरन्सची (फोनमध्ये सेटिंग साठवायची जागा) की म्हणून वापरलं असेल तर क्रॅश नाही, लॉग नाही, अपडेट आलं की सेटिंग गायब. रूमला (डेटाबेसची लायब्ररी) हात लावू नको, त्याचा कोड कंपाइल करतानाच तयार होतो.

धागाकर्ता: एनमचं (ठरलेल्या नावांची यादी) काय? मालाची प्रत आम्ही एनमचं नाव घेऊन डेटाबेसला टाकतो.

सेमीकोलन: ते चालतंय. नेम जे देतं ती स्ट्रिंग एनममध्ये वेगळी धरलेली असते, फील्डचं नाव बदललं तरी ती बदलत नाही.

वारणाकाठ: नुसत्या सर्चवर जाऊ नको. बिल्ड झाल्यावर मॅपिंगची फाइल (जुनं नाव, बाण, नवं नाव अशी यादी) उघड, बाणाच्या उजवीकडं मॉडेल क्लासच्या फील्डसमोर एक-दोन अक्षरं दिसली की समजायचं नाव बदललं. यूसेजच्या फाइलमध्ये काय काय उडवलं तेही असतं. टेस्ट बिल्ड टाइप रिलीज करून टेस्ट चालव, डीबगवर चालवून काय उपयोग, तिथं आर-एट चालतच नाही. आणि मालकांना सांगून ठेव, ह्यानं नावं बदलतात, स्ट्रिंगा नाही. सर्व्हरची की कोडमध्ये लिहिली असेल तर ती तशीच वाचता येते.

धागाकर्ता: सर्च मारला. प्रिंटरचा कोड बघून डोकंच धरलं. प्रिंटरच्या मॉडेलचं नाव स्ट्रिंगला जोडून क्लासचं नाव तयार करतोय आणि ते क्लास-फॉरनेमला देतोय, म्हणजे प्रत्येक दुकानाचा प्रिंटर वेगळा तर क्लास वेगळा! यूसेजमध्ये बघितलं तर ते क्लास पार उडालेत.

सेमीकोलन: उडणारच की. सरळ पूर्ण नाव लिहिलं असतं तर आर-एटला कळतं, जोडून केलेलं कळत नाही, त्याला वाटतं हे कुणी वापरतच नाही. सध्या फक्त त्या प्रिंटरच्या पॅकेजला कीप लाव, कन्स्ट्रक्टरसकट. सवडीनं ते काढून साधा व्हेन (कोटलिनमधली, मॉडेल बघून क्लास निवडायची रचना) लिही.

धागाकर्ता: कीप लावला, पट्टी छापली, दर वजन नाव सगळं आलं. सिंपल-नेमवाली तीन ठिकाणं राहिलीत, तिथं हातानं की लिहितोय. पण जुन्या फोनवर ज्या सेटिंग आधीच क्लासच्या खऱ्या नावानं सेव्ह आहेत त्यांचं काय करायचं?

वारणाकाठ: हातानं लिहायची की तेच जुनं नाव ठेव, अक्षरानं अक्षर तसंच. मग काहीच हलवायला लागत नाही.