वाचकांचे प्रश्न, लेखकांची उत्तरे : कादंबरी छापील आणि ऐकण्याची

कादंबरी प्रसिद्ध झाली की वाचकांचे प्रश्न येऊ लागतात. गेल्या काही वर्षांत त्यांत ऐकणाऱ्यांच्या प्रश्नांची भर पडली आहे आणि ते प्रश्न निराळे असतात. टिळक रस्त्यावर साहित्य परिषदेच्या सभागृहात कार्यक्रम असो किंवा फर्ग्युसनच्या मैदानावरचा पुस्तक महोत्सव, मला नेहमी वाटते की या प्रश्नांना सही करता करता दिलेले घाईचे उत्तर पुरेसे नाही. म्हणून लिहिणारे, वाचून दाखवणारे, छापणारे आणि ऐकणारे अशा परिचितांना विनंती केली, की आपल्याला वारंवार येणारा प्रश्न आणि त्याचे आपण देत असलेले खरे उत्तर लिहून द्यावे. सुरुवात मी करते.

कादंबरीकार, कर्वेनगर

मला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "ही बाई तुमच्या ओळखीतली आहे का?" माझ्या एका कादंबरीत नारायण पेठेत खानावळ चालवणारी सासू आहे. ती खानावळ आपण पाहिली आहे, तिथे जेवलो आहोत, असे सांगणारे वाचक भेटतात आणि त्यांचा आनंद मोडावा असे मला वाटत नाही. तरीही उत्तर असे आहे, की तिची चालण्याची ढब एकीची, हिशेब लिहिण्याची पद्धत दुसरीची आणि तिचा राग कोणाचाच नाही. जिवंत माणूस उचलून कागदावर ठेवता येत नाही, कारण त्याच्याबद्दल आपल्याला फार थोडे ठाऊक असते. पात्र मात्र स्वतःपासूनही काय लपवते आहे, हे लेखकाला ठाऊक असावे लागते.

"शेवट असा अर्धवट का ठेवला?" हा दुसरा प्रश्न. तो आता ऑडिओबुक ऐकणाऱ्यांकडून जास्त येतो आणि त्याचे कारण मला पटते. छापील पुस्तकात उजव्या हाताखालची पाने कमी होत जातात आणि वाचकाची शेवटाची तयारी आपोआप होते. ऐकणाऱ्याचे लक्ष पडद्यावरच्या मिनिटांकडे नसते, त्यामुळे आवाज थांबला की त्याला पुस्तक तुटल्यासारखे वाटते. नव्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण मी स्वतः मोठ्याने वाचून पाहिले आणि अखेरचा परिच्छेद अधिक संथ केला. प्रश्न विचारणाऱ्यांचा त्यात वाटा आहे.

रहस्यकथालेखिका, सहकारनगर

मालिकेतली पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत, हे मला रोज विचारले जाते. उत्तर सोपे आहे : गुन्हा प्रत्येक पुस्तकात पूर्ण उलगडतो, पण तपास अधिकाऱ्याच्या घरची गोष्ट पुढे सरकत राहते, म्हणून प्रकाशनाच्या क्रमानेच वाचावे.

अधिक मोलाचा प्रश्न एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने विचारला. देशात आता भारतीय न्याय संहिता लागू असताना माझ्या पुस्तकात खुनासाठी कलम ३०२ का, असे त्यांचे म्हणणे होते. नव्या संहितेत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे, हे खरे. परंतु ती संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि माझ्या कथेतला गुन्हा २०१९ मधला आहे. त्याआधीच्या गुन्ह्याला जुनी दंडसंहिताच लागते, खटला पुढे कितीही वर्षे चालो. असा प्रश्न आला की मला मनापासून बरे वाटते, कारण वाचक तपासाच्या कागदांपर्यंत माझ्याबरोबर आला आहे, हे त्यातून कळते. या मालिकेच्या पुढच्या पुस्तकात घटना २०२५ मधली आहे आणि तिथे कलम बदललेले दिसेल.

ऑडिओबुक वाचणारी आवाज-कलाकार, कोथरूड

"लेखकानेच आपले पुस्तक का वाचू नये?" असे ऐकणारे विचारतात. वाचावे, जरूर वाचावे. कथाकथनाची परंपरा आपल्याकडे भक्कम आहे आणि शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांनी आपल्या कथा आपल्याच तोंडून गावोगावी पोहोचवल्या. परंतु दोन तासांचे कथाकथन आणि आठ-दहा तासांचे ऑडिओबुक यांची मागणी वेगळी आहे. समोर श्रोते नसतात, दाद नसते, आणि पहिल्या प्रकरणातला म्हातारा तिसाव्या प्रकरणात परत आला की त्याचा आवाज तोच लागावा लागतो. म्हणून प्रत्येक पात्राची काही वाक्ये मी सुरुवातीलाच वेगळी जपून ठेवते आणि रोज काम सुरू करण्याआधी ती ऐकते.

स्टुडिओत नेमके काय चालते, हेही विचारले जाते. ध्वनिमुद्रणाआधी संपूर्ण पुस्तक एकदा वाचून होते आणि लेखकासाठी शंकांची यादी तयार होते. एका वाक्यात नुसते "जग म्हणाला" असे असेल, तर ते "जगणे"मधले जग की दुनिया या अर्थाचे, हे डोळ्यांनी वाचणाऱ्याला ठरवावे लागत नाही. मला मात्र ज चा एकच उच्चार निवडावा लागतो. आडनावे, गावांची नावे आणि बोलीतले हेल यांचेही तसेच. पंखा आणि एसी बंद असतो. खळीचे कडक सुती कपडे घालून बसता येत नाही, कारण हात हलला तरी सरसर ऐकू येते. रिकाम्या पोटीही बसता येत नाही, कारण माइक पोटाचा आवाजही टिपतो. चुकलेले वाक्य तिथेच मागे जाऊन पुन्हा वाचले जाते आणि ऐकण्याच्या एका तासासाठी दोन ते तीन तास सहज जातात.

लेखकांना माझी एक विनंती आहे. लागोपाठचे संवाद छापताना प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर येते, म्हणून कोण बोलते आहे ते दिसते. ऐकताना ओळ दिसत नाही. चार-पाच उत्तरांनंतर एकदा तरी बोलणाऱ्याचे नाव आले, तर मला आवाजात अतिरेकी फरक करावा लागत नाही आणि प्रसंग नाटकी होत नाही. दोन प्रसंगांमध्ये छापलेल्या तीन फुल्यांच्या जागी मी काही क्षण थांबते. ती शांतता तांत्रिक बिघाड नसते, असे ऐकणाऱ्यांनाही सांगावेसे वाटते.

श्रोता, रोजचा प्रवास वारजे ते हिंजवडी

माझा प्रश्न मीच विचारला होता : वेग वाढवून ऐकले तर लेखकाला वाईट वाटते का? वरील कादंबरीकार ताईंनी उत्तर दिले, की माहितीपर पुस्तक हवे तसे ऐका, कादंबरीचे पहिले प्रकरण मात्र मूळ वेगात ऐका आणि मग ठरवा. मी तसे केले आणि आता कादंबरीचा वेग वाढवत नाही. वाकडच्या पुलावरच्या गर्दीत अर्धे प्रकरण सहज होते.

ऐतिहासिक कादंबरीकार, शनिवार पेठ

"यातले खरे किती?" हा प्रश्न मला टाळता येत नाही आणि टाळूही नये, असे माझे मत आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांची हत्या झाली, ही नोंदलेली घटना आहे. त्या दिवशी वाड्यात पाणी भरणारा माझा पखालजी मात्र कल्पित आहे आणि तो कल्पित आहे, असे मी मनोगतात स्पष्ट लिहिले आहे. १८२८ च्या आगीत वाड्याचा बहुतेक भाग जळाला, त्यामुळे दालनांचे वर्णन करताना उरलेली जोती, जुन्या कागदांतले उल्लेख आणि त्या काळच्या इतर वाड्यांची बांधणी यांवर विसंबावे लागते. पुणे पुरालेखागारातले पेशवे दप्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह हाताशी असणे, हे पुण्यात राहून लिहिणाऱ्याचे भाग्यच आहे. मात्र जिथे कागद गप्प आहे, तिथे कादंबरीकाराने बोलावे. जिथे कागद बोलतो, तिथे त्याच्या विरुद्ध बोलू नये.

ऑडिओबुकमध्ये तळटीपांचे काय करायचे, हा पेच होता. मध्येच टीप वाचली की प्रसंग तुटतो. आम्ही आवश्यक तेवढ्या टीपा प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी घेतल्या.

निवृत्त शिक्षक, दृष्टिहीन वाचक, कोरेगाव पार्क

ऐकलेल्या पुस्तकाला "वाचले" म्हणता येईल का, असे मला डोळस मित्र विचारतात. मी ब्रेलही वाचतो. एका कादंबरीचे ब्रेलमध्ये अनेक जाड खंड होतात आणि आवडती पुस्तके त्या रूपात क्वचितच मिळतात. दोन्ही रीतींनी पुस्तक माझ्या मनात सारखेच राहते, तेव्हा मी "वाचले" असेच म्हणतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार आमच्यासाठी पुस्तक सुगम रूपात आणण्यास वेगळी परवानगी लागत नाही आणि दृष्टिहीनांसाठी सुगम प्रती काढणे सोपे करणाऱ्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता, हे लेखकांना ठाऊक असावे. अशा प्रती काही कोणी लेखकाचे हक्क बुडवून काढत नाही.

माझा प्रश्न ऐतिहासिक कादंबरीकारांना आहे. पात्रे खूप असतात, पदव्या आणि नावे मिसळतात, आणि मला मागची पाने चाळता येत नाहीत. पात्रांची यादी ऐकायला मिळेल का?

प्रकाशनसंस्थेतील संपादक, अप्पा बळवंत चौक

"अमुक कादंबरी ऑडिओत का नाही?" याचे उत्तर बहुतेक वेळा कराराच्या फाइलमध्ये असते. जुन्या करारांत छपाईचाच विचार झालेला असतो. २०१२ च्या दुरुस्तीने हे स्पष्ट केले, की करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यावसायिक वापरात नव्हते, त्याचे हक्क करारात खास उल्लेख असल्याशिवाय प्रकाशकाकडे जात नाहीत. ते लेखकाकडेच, आणि लेखक हयात नसतील तर वारसांकडे राहतात. वारस अनेक असले आणि वेगवेगळ्या गावी असले, की सह्या जमेपर्यंत काळ जातो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो, हेही नव्या लेखकांनी वाचूनच सही करावी.

ऐतिहासिक कादंबरीकार, शनिवार पेठ (शिक्षकांच्या प्रश्नाला उत्तर)

सर, आपली सूचना मी निर्मात्यांना कळवली आणि त्यांनी ती मान्य केली. नव्या कादंबरीच्या ध्वनिमुद्रणात पात्रपरिचय हे सुरुवातीला स्वतंत्र प्रकरण असेल; नाव, पदवी आणि नाते एवढेच, कथानक उघड न करता. ते वेगळे ठेवल्यामुळे ऐकता ऐकता केव्हाही तिथे परत जाता येईल आणि ज्यांना नको असेल त्यांना थेट पहिल्या प्रकरणापासून ऐकता येईल. यादीत कोणाचे नाते सांगावे आणि कोणाचे राखून ठेवावे, यावर सध्या काम सुरू आहे. मसुदा तयार झाला की प्रथम आपल्यालाच वाचून दाखवीन.