छोट्या टॅक्स प्रॅक्टिसवाल्यांनी यंदा कुठली पुस्तकं घ्यावीत?

मिरजेचा करसल्लागार
1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू झाला आणि जो तो सांगतोय नवी कमेंटरी (कलमवार स्पष्टीकरणाचे जाड खंड) घ्या, नवा सेट घ्या. माझं स्पष्ट मत असं की ज्यांची प्रॅक्टिस पगारदार, दुकानदार, घरभाडं आणि थोडेफार कॅपिटल गेन (मालमत्ता, शेअर विकून झालेला नफा) एवढ्यावर चालते त्यांनी नव्या कायद्याच्या जाड कमेंटरीवर यंदा एक रुपयाही घालू नये. आत्ता जी रिटर्न भरतोय ती 2025-26 ची, म्हणजे ती 1961 च्या कायद्यानेच भरायची आहेत. पैसे घालायचेच तर असेसमेंट इयर 2026-27 चं, म्हणजे याच 2025-26 च्या उत्पन्नाचं, रेडी रेकनर (रेट आणि नियम झटपट बघायचं पुस्तक) घ्या. नवा कायदा खात्याच्या वेबसाइटवर फुकट आहे, 536 कलमं, पीडीएफ उतरवा आणि लागतील तेवढीच पानं प्रिंट मारा. शिवाय कमेंटरीत असणार काय? नव्या कलमांवर कोर्टाचे निकाल यायला वेळ आहे, तोपर्यंत जुनेच निकाल नव्या नंबराखाली छापलेले मिळणार. त्यासाठी छोट्या ऑफिसचं महिन्याचं भाडं कशाला मोजायचं?

ठाणेकर टॅक्सवाली
रिटर्नचं मान्य आहे, पण टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या कराचं, काय दादा? एप्रिलपासूनची कपात नव्या कायद्याने आहे. क्लायंटचा फोन येतो, कॉन्ट्रॅक्टरचं बिल सोडतोय किती कापू, आणि आपल्या डोक्यात जुनं 194सी (कॉन्ट्रॅक्टर), 194जे (व्यावसायिक फी), 194आय (भाडं) बसलेलं, ते सगळं आता 393 च्या तक्त्यांत गेलंय, पगाराचं 392 मध्ये. गुंतवणुकीच्या वजावटीच्या 80सी चं 123 झालं, रिटर्न भरण्याच्या 139 चं 263 झालं. फोन चालू असताना मोबाइलवर पीडीएफ सरकवत बसायचं का? मला टेबलावर छापील पुस्तक लागतं ज्यात जुनं कलम नवं कलम समोरासमोर आहे आणि मार्जिनमध्ये मी पेन्सिलने लिहू शकते. फुकट आहे म्हणून पुरेसं आहे असं होत नाही.

मिरजेचा करसल्लागार
ताई, समोरासमोरचा तक्ता पण खात्याच्या साइटवरच आहे. प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग करून घ्या, त्यावर पेन्सिल चालतेच की.

लातूर अकाउंट्स
माझं वेगळं म्हणणं. नवीन मुलं प्रॅक्टिसमध्ये येतात, हातात पैसे नसतात, त्यांनी सेकंडहँड का घेऊ नये? दोन-तीन वर्षं जुनं रेडी रेकनर एकदम स्वस्तात मिळतं, संकल्पना त्याच असतात.

ठाणेकर टॅक्सवाली
नाही हो, हे अजिबात करू नका! 23 जुलै 2024 ला कॅपिटल गेनचे रेट बदलले. आधी घेतलेली जमीन किंवा घर त्या दिवशी किंवा नंतर विकलं असेल तर निवासी व्यक्तीला आणि एचयूएफला (हिंदू अविभक्त कुटुंबाला) 12.5 टक्के इंडेक्सेशनशिवाय (खरेदी किंमत महागाईप्रमाणे न वाढवता) की 20 टक्के इंडेक्सेशनसह, दोन्ही काढून बघावं लागतं. त्याआधीच्या पुस्तकात हे कुठून असणार? जीएसटीचं तर विचारूच नका, 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक वस्तूंसाठी 12 आणि 28 चे स्लॅब गेले, त्याआधीची रेटची पुस्तकं रद्दीत. चुकीचा आकडा गेला तर नोटीस क्लायंटच्या नावाने येते, पुस्तक विकणाऱ्याच्या नाही.

नाशिकचा जुना एसटीपी
रेटसाठी जुनं पुस्तक नको, इथे ताईंचं शंभर टक्के बरोबर. पण 1961 च्या कायद्याची जुनी कमेंटरी मात्र टाकू नका, उलट आत्ता कोणी विकत असेल तर घेऊन ठेवा, कारण सुटलेलं उत्पन्न 50 लाख किंवा जास्त असेल तर 2025-26 च्या उत्पन्नावर 148 ची (जुनी फाइल पुन्हा उघडायची) नोटीस जून 2032 पर्यंत येऊ शकते आणि तिचं उत्तर जुन्या कायद्यानेच द्यायचं. तेव्हा दुकानात ती पुस्तकं शोधून सापडणार नाहीत. आणि लातूरकर, नवीन मुलांना पहिली सवय मूळ कायदा वाचायची लावा. टॅक्स ऑडिटवरची आयसीएआयची (सीएंच्या संस्थेची) गाइडन्स नोट फुकट आहे, निकाल इंडियन कानून या साइटवर फुकट आहेत, जीएसटीची नोटिफिकेशन्स सीबीआयसीच्या (केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाच्या) साइटवर आहेत. एवढं वाचणारा पोरगा महागडा सेट शेल्फवर ठेवणाऱ्यापेक्षा बरं उत्तर लिहितो, हे मी बघितलंय.

लातूर अकाउंट्स
रेटचं पटलं. पण फुकट साइटवर शोधायला आधी काय शोधायचं ते कळावं लागतं ना साहेब. नवीन माणसाला विषयवार इंडेक्स असलेलं एक तरी पुस्तक हवं, त्यात काटकसर नको.

मिरजेचा करसल्लागार
हो, ते एक म्हणजे रेडी रेकनर, पहिल्यापासून तेच सांगतोय. टीडीएसबद्दल ताईंचं एवढं मानतो की ज्यांच्याकडे कंपन्या, बिल्डर आहेत त्यांनी नव्या कायद्याचं छोटं टीडीएस पुस्तक घ्यावं. मोठ्या कमेंटरीला माझा अजून नकार आहे. अगदीच गरज असेल तर तालुक्यातले चार-पाच जण मिळून एक सेट घ्या आणि ज्याचं ऑफिस मध्यावर आहे त्याच्याकडे ठेवा.

ठाणेकर टॅक्सवाली
आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या गर्दीत, तो सेट कोणाकडे असेल?