रूळ घट्ट धरणं आणि पुलावरचे गार्ड रेल, नेमकं किती आणि कशाने धरायचं?

नवा_सिव्हिल

नमस्कार मंडळी. डिप्लोमा झालाय आणि आता ट्रॅकच्या कामावर सुपरवायझर म्हणून लागलोय. पुस्तकात फिटिंगची नावं वाचली होती पण प्रत्यक्ष बघितल्यावर डोक्यात वेगळेच प्रश्न यायला लागलेत, म्हणून इथे विचारतोय.

काँक्रीट स्लीपरवर (रुळाखालचे आडवे ठोकळे) रूळ धरायला नुसती ती वळवलेली सळईची क्लिप असते, हातोडा मारला की आत, उलटा मारला की बाहेर. नट नाही, बोल्ट नाही. एवढी गाडी त्यावरून धडधडत जाते तर सरळ जाड बोल्ट घालून आवळून का टाकत नाहीत?

दुसरं म्हणजे पुलावर दोन रुळांच्या मधे जे जादा रूळ असतात ना, गार्ड रेल, त्यावरून तर चाक कधी जातच नाही. साइटवर एक जण म्हणाला की त्याला तीन-चार स्लीपर सोडून एकेक ठोकलं तरी भागतं, लोड कुठे येतो त्यावर. मला पटलं नाही पण त्याला समजावून सांगता पण येईना. आणि काम झाल्यावर मी स्वतः चालत जाऊन डोळ्याने काय काय बघायला पाहिजे तेही कोणी सांगितलं तर बरं होईल.

रूळवाट

चांगला प्रश्न आहे, ट्रॅकमधे बरीच वर्षं काम केलेली माणसं पण क्लिप म्हणजे "रूळ उडू नये म्हणून" एवढंच सांगतात.

आधी हे बघ की रूळ गप्प बसलेला नसतो. चाकाखाली तो दबतो आणि चाकाच्या थोडं पुढे-मागे तो वर उचलला जातो, म्हणजे गाडीबरोबर रुळात एक लाट पळत असते. लाकडी स्लीपरवर डॉग स्पाइक म्हणजे खिळा असायचा, तो कडक, त्याच्यात लवचिकपणा शून्य. प्रत्येक चाकाला रूळ त्याला वर ओढणार, खिळा केसभर वर येणार, मग खाली फट, फटीत रूळ आपटणार, भोक मोठं होणार आणि एक दिवस खिळा हाताने निघतो. असं झालेलं लाकूड परत त्याच भोकात खिळा धरतच नाही, स्लीपर फुकट जातो.

क्लिप म्हणजे स्प्रिंग आहे. नॉर्वेच्या पेर पांडे-रोल्फसेन नावाच्या रेल्वे इंजिनिअरने १९५७ च्या सुमारास ही वळवलेल्या सळईची आयडिया आणली, पँड्रोल हे नाव त्याच्याच नावावरून पडलंय. आता हिशोब बघ. मार्क-३ ईआरसी (इलॅस्टिक रेल क्लिप, म्हणजे तू बघितलीस तीच) बसवली की तिचं टोक साधारण १३.५ मिमी वाकतं आणि रुळाच्या पायावर ८५० ते ११०० किलोचा दाब देतं, ह्यालाच टो लोड म्हणतात. म्हणजे एका मिलिमीटरला ढोबळ ७०-७५ किलो. समज खालचा रबर पॅड दबून एक मिमी बारीक झाला, लायनर (क्लिपचं टोक आणि रुळाचा पाय ह्यांच्या मधली पातळ पट्टी) थोडा झिजला, तरी क्लिपचा दाब हजारावरून सव्वानऊशेवर येईल, रूळ धरलेलाच आहे. तेच कडक बोल्टने पातळ प्लेट आवळून धरली असती तर अर्धा मिमी झिजला की दाब शून्य, आणि वरून बघितलं तर सगळं जागच्या जागी दिसतंय. म्हणून मी म्हणतो की आवळलेलं दिसणं आणि धरलेलं असणं ह्यात फार फरक आहे.

अजून एक, आणि हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. लांब वेल्डेड रुळात क्लिपचं खरं काम रूळ लांबीच्या दिशेने सरकू न देणं हे आहे. १ किमी मोकळा रूळ ३० डिग्री तापला तर जवळपास ३५ सेंटीमीटर वाढेल. तो वाढू दिला नाही तर मीटरला ६० किलो वजनाच्या एका रुळात साधारण ५५ टन दाब साठतो, दोन्ही मिळून ११० टन. हा दाब क्लिप स्लीपरला देते आणि स्लीपर खडीला देतो. क्लिपची पकड खडीच्या पकडीपेक्षा जास्तच पाहिजे, नाहीतर रूळ स्लीपरवरून घसरतो, स्लीपर आहे तिथेच, आणि दाब एका जागी गोळा होऊन उन्हात ट्रॅक आडवा फेकला जातो. स्लीपर ६० सेंमीवर धरले तर किलोमीटरला साडेसहा हजाराच्या वर क्लिप होतात. एखादी गेली तर शेजारच्या सांभाळून घेतात, पण ओळीने गेल्या तर मात्र तुझी लाइन त्या ठिकाणी कमजोर झाली.

मेकॅनिकल_मिसाळ

वरचं सगळं बरोबर आहे फक्त एक दुरुस्ती, बोल्ट किंवा स्क्रू वाईट असं नवीन मुलाच्या डोक्यात बसायला नको. जर्मनीत वगैरे डब्ल्यू आकाराचा क्लँप असतो, फोस्लो कंपनीचा, तो स्क्रूनेच खाली आवळतात आणि जगभर हजारो किलोमीटर चालतोय. पण तिथेही रूळ धरते ती स्प्रिंगच, स्क्रू फक्त स्प्रिंगला वाकवून ठेवतो आणि म्हणून तो ठरलेल्या टॉर्कपर्यंतच आवळायचा, अंगातला जोर काढून नाही.

नट सैल का होतो हे पण माहिती असू दे. गेरहार्ड युंकर ह्यांनी १९६९ मधे दाखवून दिलं की बोल्टच्या उभ्या दिशेच्या धक्क्यापेक्षा आडवा धक्का नटाला फिरवतो. जोडलेले दोन भाग एकमेकावर आडवे घसरले की आट्यांमधलं घर्षण तेवढ्यापुरतं मरतं आणि नट आपोआप उलटा फिरतो. म्हणजे पहिला बचाव हा की भाग घसरूच नयेत इतका ताण बोल्टमधे पाहिजे. साधा स्प्रिंग वॉशर टाकला म्हणजे सुटलो असं समजू नका.

फिशप्लेटला, म्हणजे दोन रुळांची टोकं जोडणाऱ्या पट्टीला, हे फार लागू होतं. नवीन जोड केला की पहिल्या काही दिवसांत बोल्ट परत आवळायलाच लागतात कारण गंज, पेंट, कंगोरे दबून बसतात आणि ताण उतरतो. फिशप्लेट रुळाच्या डोक्याखाली आणि पायावर, तिरक्या भागावरच टेकली पाहिजे, मधल्या पत्र्याला म्हणजे वेबला चिकटली तर ती पाचरीसारखी आवळतच नाही. १२ जुलै २०१३ ला फ्रान्समधे ब्रेतिन्यी-सुर-ऑर्ज स्टेशनात जी गाडी घसरली, ७ माणसं गेली, तिथे हेच झालं होतं, पॉइंटवरच्या, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथल्या, फिशप्लेटचे बोल्ट सुटत गेले आणि प्लेट फिरून चाकाच्या वाटेत जाऊन अडकली. एक प्लेट, चार बोल्ट. ह्या गोष्टी किरकोळ वाटतात म्हणून रागच येतो कधीकधी.

पूलतपासणी

गार्ड रेलचं मी सांगतो, माझं सगळं काम पुलांवरच आहे. तुझ्या साइटवरच्या माणसाला एवढंच विचार की चाक रुळावरून उतरलं तर ते कुठे जाईल.

गाडी उजवीकडे घसरली असं धर. उजवं चाक उजव्या रुळाच्या बाहेर पडतं. डावं चाक डाव्या रुळाच्या आत, म्हणजे मुख्य रूळ आणि डावा गार्ड रेल ह्यांच्या मधल्या गाळ्यात पडतं. आता गाडी अजून उजवीकडे जायला बघते, पण डावं चाक गार्ड रेलच्या बाजूला घासून अडतं. म्हणजे पूर्ण डब्याचा आडवा रेटा त्या एका गार्ड रेलवर, आणि तो रेटा ट्रॅकच्या मध्याकडे. भारतीय रेल्वेचा नियम आहे की लाकडी स्लीपरवर गार्ड रेल प्रत्येक स्लीपरला ठोकायचा, मध्याच्या बाजूला दोन स्पाइक आणि दुसऱ्या बाजूला एक. रेटा कुठून येतो हे कळलं की दोन खिळे आतल्या बाजूलाच का ते आपोआप कळतं. चार स्लीपर सोडून एक ठोकला तर चाक येऊन लागल्यावर तो रूळ मधेच वाकून आत झुकणार आणि पुढच्या खिळ्यांना एकेक करून उपटत जाणार. रोज लोड येत नाही म्हणून कमी ठोकायचं हे म्हणजे आग रोज लागत नाही म्हणून फायर पाइपला पाणी न जोडण्यासारखं आहे. काँक्रीट स्लीपर असेल तर त्याच्या डिझाइनमधेच गार्ड रेलसाठी रेल स्क्रूची जागा असते, ते सगळे स्क्रू पूर्ण आवळलेले पाहिजेत. इथे क्लिपसारख्या स्प्रिंगची गरज नाही कारण रोज चाक जात नाही, लाट नाही.

जागा पण तितकीच महत्त्वाची. ब्रॉडगेजला मुख्य रूळ आणि गार्ड रेल ह्यातलं मोकळं अंतर २५० मिमी, ५० कमी-जास्त चालतं. आणि गार्ड रेलचा माथा मुख्य रुळाच्या माथ्यापेक्षा २५ मिमीहून जास्त खाली नको, नाहीतर चाक त्याच्यावर चढून पलीकडे जाईल. हे बऱ्याचदा रूळ बदलताना बिघडतं. मुख्य रूळ ५२ किलोचा काढून ६० चा टाकला, म्हणजे १५६ मिमीचा १७२ झाला, गार्ड रेल जुनाच ठेवला, १६ मिमी तिथेच गेले, पॅडची उंची वेगळी. त्या दिवशी पट्टी लावून मोजा, दुसऱ्या कोणी मोजलं असेल असं धरू नका.

टोकं पण बघ. पुलाच्या बाहेर दोन्ही गार्ड रेल हळूहळू मध्याकडे एकत्र येतात, टोक खाली वाकवून गाडायचं असतं आणि तिथे लाकडाचा ठोकळा लावायचा असतो, म्हणजे गाडीखाली लोंबणारी एखादी कपलिंगची साखळी त्यात अडकणार नाही. टोक उघडं राहिलं तर जे संरक्षणासाठी आहे तेच भाल्यासारखं उभं राहतं.

नवा_सिव्हिल

बापरे, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. मध्याच्या बाजूला दोन स्पाइक हे तर उद्याच त्याला दाखवतो. दोन शंका राहिल्या. वळणावर आणि लेव्हल क्रॉसिंगला पण आत रूळ असतो, तो पण गार्ड रेलच का? आणि काही क्लिप इन्सर्टमधे (स्लीपरमधे बसवलेला, क्लिप धरणारा लोखंडी तुकडा) इतक्या जाम झाल्यात की हातोड्याने हलतच नाहीत, ते चांगलंच ना, निघणार नाहीत?

रूळवाट

नाही रे, तो चेक रेल. त्याचं काम चाक उतरण्याआधीच आहे. तीव्र वळणावर बाहेरच्या रुळावर चाकाची कड चढायला बघते, तेव्हा आतल्या चाकाची पाठ चेक रेलला घासते आणि तो पूर्ण जोडीला मागे ओढून धरतो. म्हणून त्याचं अंतर अगदी कमी, वळणावर ४४ मिमीच्या आसपास, लेव्हल क्रॉसिंगला थोडं जास्त. ह्याला जवळजवळ प्रत्येक गाडीचं चाक घासतं, म्हणून मधे ठोकळे घालून तो मुख्य रुळाला बोल्टने बांधलेला असतो आणि ते बोल्ट नेहमी तपासावे लागतात. झिजला की अंतर वाढतं, वाढलं की तो असून नसल्यासारखा.

जाम क्लिपचं म्हणशील तर अजिबात चांगलं नाही. इन्सर्टच्या भोकात गंज भरला की क्लिप निघत नाही, रूळ बदलायची किंवा रुळात साठलेला ताण काढायची वेळ आली की गॅसने कापावी लागते, कधी इन्सर्टच तुटतो आणि मग आख्खा स्लीपर गेला. गंजलेल्या सळईचा दाब पण भरवशाचा नसतो. उपाय साधा आहे, ठरलेल्या वेळेला क्लिप काढायची, भोक आणि क्लिप तारेच्या ब्रशने साफ करायची, ग्राफाइट ग्रीस लावून परत बसवायची. पण हे काम करताना उन्हाच्या तडाख्यात सलग लांबवर क्लिप काढून ठेवू नका, वर सांगितलेला ५५ टन तिथेच बसलाय. थोड्या थोड्या काढा, मागून लावत या, आणि तापमानाची मर्यादा काय आहे ते इंजिनिअरकडून घेऊनच सुरू करा.

बसवताना क्लिपचा पाय इन्सर्टच्या बाहेरच्या तोंडाशी बरोबर सपाट आला पाहिजे. कमी गेला तर दाब कमी, जास्त ठोकला तर लायनरवर वाकडा दाब येऊन लायनर फुटतो. चालत जाताना हे एक बघ, शिवाय पॅड बाहेर सरकून आलाय का, लायनर फुटलाय का. रुळाच्या पायावर क्लिपच्या टोकाशी चकचकीत घासलेली लांब रेघ दिसली तर समजायचं रूळ सरकतोय.

पूलतपासणी

पोलादी गर्डरच्या पुलावर चालताना अजून एक बघ, हूक बोल्ट. स्लीपरला गर्डरशी हाच धरतो, खालच्या बाजूला हूक असतो तो गर्डरच्या पट्टीखाली अडकतो. वरून हूक दिसत नाही, म्हणून बोल्टच्या डोक्यावर बाणाची खूण कोरलेली असते, बाण गर्डरकडे पाहिजे. नट घट्ट आहे पण बाण भलतीकडे वळलाय असं दिसलं तर हूक फिरलाय, तो काहीच धरत नाहीये. नटावर हात ठेवून "टाइट आहे" म्हणून पुढे जाऊ नकोस.

आणि मोठ्या पुलावर कधीकधी मुख्य रुळाला दाब न देणाऱ्या फिटिंग दिसतील, त्यांना रेल फ्री फास्टनिंग म्हणतात. ते सैल राहिलंय म्हणून तक्रार करू नकोस किंवा कोणाला सांगून आवळून घेऊ नकोस. तिथे गर्डर तापून स्वतः सरकतो, आणि रुळाला घट्ट धरलं तर तो आपली सगळी हालचाल रुळात ढकलेल. कुठल्या पुलावर कुठली फिटिंग आहे हे ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं, पुलावर पाय ठेवायच्या आधी ते मागून घे.