शिकारीच्या जुन्या जागा: मुंबईहून दोन दिवसांत काय पाहता येईल?

शिवडीकर
माझे वडील रायगड जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढले. शिमग्याच्या सुमारास गावकरी पारधीला निघत, हाका कोणी घालायचा, म्हणजे आरडाओरडा करून जनावर कोणी हुसकावायचे, आणि वाटेवर दबा धरून कोणी बसायचे हे जाणती मंडळी ठरवत, आणि रानडुक्कर मिळाले तर त्याचे वाटे घरोघर जात, असे ते सांगतात. माझ्या मुलांना हे सारे परीकथेसारखे वाटते. शिकार अर्थातच करायची नाही. पण ज्या रानांत आणि वाड्यांत ही परंपरा नांदली, त्या जागा मुलांना आणि वडिलांना एकत्र दाखवाव्यात, अशी इच्छा आहे. रायगडमधले फणसाड, पालघरमधले जव्हार आणि कोल्हापूरकडचे दाजीपूर ही नावे मनात आहेत. वडिलांना मोठा चढ झेपत नाही. आणखी एक प्रश्न आहे. गावच्या घरात आजोबांच्या काळची सांबराची शिंगे भिंतीवर आहेत, त्यांचा कोणताही कागद सापडत नाही. घर मोडकळीस आल्यामुळे ती मुंबईला आणावीत का?

रानवाट
दोनच दिवस असतील तर निःशंकपणे फणसाड निवडावे. हे रान म्हणजे मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबांची राखीव शिकारीची जागा होती आणि १९८६ साली ते अभयारण्य झाले. नवाबांचा मुरूडचा राजवाडा खासगी मालकीचा असल्यामुळे तो रस्त्यावरूनच पाहावा लागतो, पण त्याचे फारसे वाईट वाटून घेऊ नये; शिकारीचा खरा वारसा जंगलातल्या पाणवठ्यांपाशी आहे. इथे पाणवठ्याला गाण म्हणतात; फणसाडगाण आणि चिखलगाण ही त्यांतली ठाऊक असलेली नावे. उन्हाळ्यात बाकीचे पाणी आटले की जनावर कुठे येणार हे शिकाऱ्याला नेमके माहीत असे, आणि आज वन खात्याचे कर्मचारी व निसर्गप्रेमी बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करतात ती त्याच ज्ञानाच्या आधारावर. वारा कोणत्या बाजूने वाहतो, चिखलातला ठसा ताजा की कालचा, भेकर हे छोटे हरिण भुंकले ते कशाला बुजून, हे सगळे बंदुकीविना शिकता येते आणि मुलांना त्याची गोडी फार लवकर लागते. शेकरू दिसण्याची शक्यता चांगली आहे. बिबट्याची आशा मात्र धरू नये.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडीसह मांडव्याला उतरावे आणि अलिबाग, रेवदंडा, काशीद या मार्गाने सुपेगावच्या प्रवेशद्वाराशी जावे. स्थानिक वाटाड्या अवश्य घ्यावा. आपल्या वडिलांना त्याच्याशी बोलण्यातच निम्मा आनंद मिळेल, असे मला वाटते.

करवीरकर
फणसाडविषयी दुमत नाही, तरी दाजीपूरची बाजू मांडतो. कोल्हापूर संस्थानच्या शिकारीच्या रानातूनच १९५८ साली गव्यांसाठीचे हे अभयारण्य आकाराला आले. आज ते राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखले जाते आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश आहे. कोल्हापूरची आणखी एक खासियत म्हणजे पाळीव चित्त्यांकडून केली जाणारी काळविटांची शिकार. चित्त्याला तयार करणारे चित्तेवान पदरी असत, आणि देशी चित्ता दुर्मीळ झाल्यावर आफ्रिकेतूनही चित्ते आणवले गेले. नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी पाहायला मिळतात. काही मुलांना ते आवडतात, तर काही मुले दचकतात. मात्र मुंबईहून दोन दिवसांत हे करणे म्हणजे नुसती धावपळ होईल. किमान चार दिवस हाताशी असतील तरच निघावे.

नियमावली
शिंगांविषयी सांगतो, कारण याबाबत लोक फार बेफिकीर असतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अशी शिंगे बाळगण्यासाठी मालकीचे प्रमाणपत्र लागते. अशा वस्तूंचा साठा जाहीर करण्याची संधी कायदा आला तेव्हा आणि पुन्हा २००३ साली मर्यादित मुदतीसाठी दिली गेली होती. प्रमाणपत्र असलेली वस्तू वारशाने मिळाली, तरी वारसाने नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसे कळवायचे असते. तुमच्याकडे कागदच नसेल तर शिंगे हलवू नयेत, कोणाला देऊ नयेत आणि विकण्याचा तर विचारही करू नये. ती आहेत तिथेच ठेवून आधी वन विभागाला लेखी कळवावे आणि त्यांच्या सूचनेप्रमाणे वागावे. वकिलाचा सल्ला घेतलात तर उत्तम.

दुसरे असे, की कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे. प्राण्याला पकडणे, सापळा लावणे, आमिष दाखवणे आणि हाकून काढणे हेही त्यात येते, आणि तसा प्रयत्नसुद्धा. म्हणून मुलांना दाखवण्यापुरता गमतीचा हाका घालू, असे कोणी हौसेने सुचवले तर स्पष्ट नकार द्यावा.

डहाणूचा वाटसरू
आतापर्यंतच्या उत्तरांत नवाब आले, महाराज आले. हाका घालणारी माणसे मात्र आली नाहीत, याची थोडी खंत वाटते. संस्थानिकांच्या शिकारीच्या छायाचित्रांत बंदूकवाला मध्यभागी असतो आणि माग काढणारा कडेला, बहुधा नावाशिवाय. ही दुसरी बाजू पाहायची असेल तर जव्हारला जावे. तिथल्या मुकणे राजघराण्याचा जयविलास राजवाडा आहेच, पण आसपासच्या पाड्यांवर वाघोबाची ठाणी, म्हणजे वाघदेवाची पूजास्थाने, आहेत. वारली आणि महादेव कोळी समाज वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या बारशीला, त्याची पूजा करतात आणि गुराढोरांचे, माणसांचे रक्षण मागतात. ज्या जनावराची शिकार राजे मिरवत, त्याच्याशी तडजोड करून राहण्याची ही रीत मला अधिक जुनी आणि अधिक शहाणी वाटते. ठाण्यापाशी जाताना गावातल्या माणसाला सोबत घ्यावे, विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पाड्यांवरही वाघोबा पुजला जातो. त्यासाठी तर मुंबई सोडण्याचीही गरज नाही.

शिवडीकर
सर्वांचे आभार. शिंगे जागची हलवणार नाही. वन विभागाला द्यायच्या पत्राचा मसुदा या आठवड्यात करतो. सहलीसाठी फणसाड नक्की केले आहे. रानवाट, वडिलांना बसून राहता येईल असे लपण (प्राणी पाहण्यासाठीचा आडोसा) एखाद्या गाणीजवळ आहे का, आणि तिथपर्यंत साधारण किती चालावे लागते?

रानवाट
हे सुपेगावच्या वन कार्यालयात आधी फोन करून विचारावे, कारण कोणती वाट खुली ठेवायची हे ते ऋतूनुसार ठरवतात. वडिलांचे वय सांगितल्यास ते सपाटीची वाट सुचवतील. सकाळी लवकर आत शिरावे, गडद रंगाचे कपडे घालावेत आणि मुलांच्या खाऊची कुरकुरीत पाकिटे गाडीतच ठेवावीत.